साठच्या पुढची थरथर

आमच्या साखरा गावात ट्रॅक्टर बरेच आहेत, जीपा आहेत, एकदोघांकडं चकचकीत कारसुद्धा आहे. पण बाईच्या नावावरची आणि बाईच चालवते अशी पिकअप एकच, आणि ती बाई माझी बायको आहे. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मला राग येणार आहे, आणि रागाच्या भरात मुद्द्याची गोष्ट राहून जाते.

मी विश्वंभर. गावात माझी पिठाची गिरणी आहे. मला गाडी चालवता येत नाही. माझा धाकटा भाऊ सोमेश्वर यानं मला ट्रॅक्टरवर बसवून बघितलं आणि दुसऱ्याच दिवशी हात जोडले. मंजुषा मात्र ड्रायव्हरची पोरगी. तिचे वडील ग्यानबा यांनी कळमनुरीच्या रस्त्यावर जन्मभर जीप चालवली. बाकीच्या पोरी सायकल शिकत होत्या तेव्हा ही बापाच्या मांडीवरून उतरून क्लचवर पाय ठेवायला लागली होती. बघायला गेलो तेव्हा तिनंच सांगितलं, "मला गाडी येती." मी म्हणालो, "मला येत न्हाई." तिथंच आमचं जमलं.

दसऱ्याला हिंगोलीहून नवी कोरी पांढरी पिकअप आणली. मंजुषाच चालवत आली. मी शेजारी बसलो होतो आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला हात करत होतो, अनोळखी माणसालाही केला. मोकळ्या रस्त्यावर काटा सत्तरपर्यंत गेला, पण गाडी पाण्यासारखी चालली होती. हे ध्यानात ठेवा.

घरी मायनं पूजा केली. माझी माय शकुबाई. तिनं बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, सगळं रीतसर केलं, पण तोंड वाकडं ठेवून. तिच्या मते गाडी घरात आली ते बराबर झालं, पण स्टिअरिंगवर सोमेश्वर पाहिजे होता. त्यात मंजुषानं सासूला एकच गोष्ट सांगितली, "मामी, गाडीला काहीच बांधायचं न्हाई. गोंडे न्हाई, लिंबू-मिरची न्हाई, काळी बाहुली न्हाई. मला समोरची काच मोकळी लागती."

"नको बांधू," माय म्हणाली. "मला काय करायचंय. मी बसणार बी न्हाई त्यात." आणि पदर खोचून आत निघून गेली. खरंच, सगळं गाव गाडीत बसून बघून गेलं, माय काही बसली नाही.

दिवस सोयाबीनचे. मळणी झाली की प्रत्येकाला पोती हिंगोलीच्या मोंढ्यात विकायला टाकायची घाई असते. आम्हाला लगेच भाडी मिळाली. आणि पहिल्याच भाड्याला ती थरथर सुरू झाली.

सुरुवातीला मला वाटलं रस्ता खराब आहे. पण चांगल्या रस्त्यावर तर जास्तच. काटा साठच्या पुढं गेला की सीटखालून गूंऽऽ असा आवाज यायचा आणि सगळं अंग बारीक हलायला लागायचं. दात एकमेकांवर वाजतील इतकं. वेग कमी केला की बंद. त्या दिवशी केबिनमध्ये गावातलाच शंकरसिंग बसला होता, त्याचंच सोयाबीन होतं. त्यानं वाटेत एक शब्द काढला नाही, आणि गावात उतरल्यावर पारावर जाऊन सगळे काढले. "गाडी नवी हाय, गाडीला काय झालंय? बाईमाणसाचा हात. हात कापतो म्हणून गाडी कापती."

मी गिरणी बंद करून पारावर गेलो आणि जे बोललो ते इथं लिहीत नाही. त्याचा काही उपयोग झाला नाही, उलट ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं.

घरी आल्यावर सोमेश्वर म्हणाला, "थांबा, मी बघतो." तो गाडी घेऊन सेनगावपर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, "मला तर काहीच न्हाई झालं. मस्त चालून राहिली." तो खोटं बोलत नव्हता. पण झालं काय, की आता पारावरच्या बोलण्याला घरातूनच साक्ष मिळाली. बाईच्या हातात थरथरते, गड्याच्या हातात थरथरत नाही. माय चुलीपुढून म्हणाली, "मी पैलेच सांगत होते."

आमचे वडील तातेराव, त्यांना आम्ही दादा म्हणतो, कमी बोलणारे. ते म्हणाले, "हे बघा, सोमवारपासून अर्ध्या गावाचा माल न्यायचाय. लोक भ्यायले तर दुसऱ्याची गाडी बघतीन. काय करायचं ते ठरवा."

मी तोंड उघडणार तोवर मंजुषाच बोलली. तिला राग आला की तिचा आवाज चढत नाही, उतरतो. "मामा, सोमवारपर्यंत दोष कुठं हाय ते मला सापडलं न्हाई, तर चावी भाऊजीच्या हातात देते. मंग मी परत मागणार न्हाई."

मला तिचा असा राग आला म्हणता! कुणी मागितली नव्हती चावी, हिनं स्वतःहून पणाला लावली. रात्री मी तसं म्हणालोही. तर म्हणाली, "आज मागितली न्हाई, पण मनातून सगळ्यांनीच मागितलेली हाय. ती कायमची माझी व्हावी म्हणून बोलले."

दुसऱ्या दिवशी आम्ही हिंगोलीला वर्कशॉपमध्ये गेलो. तिथला मेकॅनिक भला माणूस होता. त्यानं चारही चाकं काढून मशीनवर बॅलन्स करून दिली, हवा बघितली, गावातून एक चक्कर मारली. पण त्या गर्दीत तीसच्या वर गाडी जाईना, थरथरणार कुठून? तो म्हणाला, "ताई, रॅम्पवर घ्यावी लागंल, पण सिझन हाय, रांग लागलीय. पुढच्या आठवड्यात या. आणि घरी काही खोलू नका, वॉरंटी जाईल." पुढचा आठवडा म्हणजे सोमवारच्या पलीकडचा. येताना काटा साठच्या पुढं गेला आणि पुन्हा तेच, गूंऽऽ.

मी म्हणालो, "इंजिनचं फाउंडेशन ढिलं हाय. गिरणीचं असंच होतं." मी गिरणीवाला, थरथरीत माझी हयात गेली, त्यामुळं या विषयात मला कुणी शिकवू नये असं माझं मत होतं. मंजुषा म्हणाली, "खोलायचं न्हाई म्हणाला तो, बघायचं न्हाई असं न्हाई म्हणाला. आपण एकेकाला विचारू."

रविवारी सकाळी आम्ही दोघंच सेनगावच्या रस्त्याला निघालो. तिथं एक लांब सरळ पट्टा आहे. तिनं आधी गाडी बाजूला उभी केली आणि जागच्या जागी रेस दिली. इंजिन ओरडलं, पण थरथर नाही. "तुमचं फाउंडेशन गेलं," ती म्हणाली. मग पट्ट्यावर साठच्या पुढं नेली, थरथर सुरू झाली आणि तिनं एकदम गाडी न्यूट्रल केली. इंजिनचा आवाज खाली बसला, गाडी नुसती पळत राहिली, आणि थरथर तशीच्या तशी. "बघा. इंजिनचा संबंधच न्हाई. गाडीच्या पळण्यावर हाय हे." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सोमेश्वर ट्रॅक्टरवाला, चाळीसच्या पुढं त्याचा जीव घाबरा होतो. त्याच्या हातात थरथरणार कशी? साठ कधी झालेच नाहीत!

"आत्ताच्या आत्ता जाऊन सांगतो पारावर," मी म्हणालो.

"अर्धं सांगू नका. स्टिअरिंगला हात लावा." मी लावला. स्टिअरिंग गप्प होतं. "पुढची चाकं असती तर हे हललं असतं. आता चप्पल काढा, पाय खाली टेकवा." तळपायाला मुंग्या आल्या. थरथर खालून येत होती. तिनं मागच्या एका चाकाच्या जागी स्टेपनी लावली, मग दुसऱ्याच्या. जॅक मी मारला. फरक पडला नाही.

"आता तुमी मागं जा. झोपा आन् पत्र्याला कान लावा. कुठून जास्त येऊन राहिलं ते सांगा."

मी मागं हौद्यात पालथा झोपलो. ऊन वर आलेलं, पत्रा तापलेला, तोंडावर मी उपरणं घेतलेलं. ती साठ-पासष्टनं गाडी नेतीय आणि मी कान लावून कधी इकडं सरकतोय, कधी तिकडं. एक मोटारसायकलवाला बराच वेळ शेजारून आला आणि शेवटी ओरडला, "ताई, पेशंट हाय का? हिंगोलीला नेता का नांदेडला?" तिनं काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही, पण त्यानं माझ्याकडं बघून एका हातानं नमस्कार केला. मी उपरणं काढून उठून बसलो तर तो गडी रस्ता सोडून खाली उतरला. पडला नाही, देवाची कृपा.

पण मला कळलं होतं. मागच्या चाकांवर आवाज कमी आणि मधोमध, केबिनच्या थोडं मागं, सगळ्यात जास्त. तसं मी सांगितलं. ती उतरून बांधावर बसली. "मधी काय असतं? गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा. शाफ्ट. तो चाकापेक्षा जोरात फिरतो." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आवं, तुमची गिरणी कवा थरथरती?"

"पट्टा खराब झाला की. न्हाईतर पुलीला एका बाजूनं ओलं पीठ चिकटून वाळलं की. एवढासा गोळा असतो, पण अख्खी गिरणी नाचवतो."

ती ताडकन उभी राहिली. "एका बाजूनं चिकटलं की!" तिनं माझ्या पाठीवर भर रस्त्यात थाप मारली. "शोरूममधून आणली तवा गाडी चांगली होती. आपल्या वावराच्या वाटेला चिखल हाय. शाफ्टला कायतरी चिकटलंय. चला घरी, धुऊ." शाबासकी मला कधी मिळत नाही, आणि ही तर मी सहज बोललो त्याची मिळाली, पण मी ती घेतली.

दुपारी अंगणात गाडीची मागची चाकं दगडांवर चढवून, गाडी सरकू नये म्हणून पुढच्या चाकांना भक्कम उटी लावली. फवारणीचा पंप आणला. बातमी पसरायला आमच्याकडं वेळ लागत नाही, शंकरसिंग पण येऊन भिंतीला टेकला. दादा ओसरीवर, सोमेश्वर पंपाजवळ, माय दारात. मंजुषानं साडीवर माझा जुना शर्ट चढवला आणि पाण्याचा नळा घेऊन गाडीखाली गेली. चिखलाचं पाणी अंगणभर आलं. थोड्या वेळानं पाणी थांबलं आणि खालून आवाज आला, "पकड द्या."

ती बाहेर आली तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत चिखल, आणि हातात एक काळ्या फडक्याचं गाठोडं. फडक्यावरून शेतात कुंपणाला वापरतो ती तार गच्च पिळलेली. शाफ्टला बांधून टाकलेलं होतं ते, आणि वरून चिखलानं लिंपलेलं, त्यामुळं वाकून बघितलं तरी दिसलं नसतं. तार सोडली. आत एक बिब्बा आणि बैलाच्या खुराला ठोकतात त्या दोन झिजलेल्या लोखंडी पत्र्या.

सगळे एक पाऊल मागं सरले. शंकरसिंग म्हणाला, "करणी! कोणीतरी करणी केली रे गाडीवर!"

माझं डोकं फिरलं. "कोणीतरी? सगळ्यात जास्त कोणाच्या पोटात दुखत होतं? पारावर कोण बोललं? तूच केली!" मी त्याच्या गचांडीला हात घातला होता. सोमेश्वर मधी पडला, दादा उठून उभे राहिले, शेजारच्या बाया भिंतीवरून डोकवायला लागल्या. आणि दारातून माय माझ्यावर ओरडली, "ईशू! सोड त्याला. मी बांधली."

माझा हात शंकरसिंगाच्या गळपट्टीवर तसाच राहिला होता.

"माय, तू? गाडीखाली गेलतीस?" सोमेश्वर म्हणाला.

"काहून? मला काय गुडघे न्हाईत? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटं गेले. घोड्याची नाल शोधली, घोडे राहिलेत कुठं? मंग आपल्या बाज्या बैलाच्या पत्र्या व्हत्या, त्या बांधल्या. लोखंड ते लोखंड. इतकी सालं गाडी ओढली त्यानं, एकदा खाली बसला न्हाई." ती मंजुषाकडं न बघता बोलत होती. "ही म्हणाली काही बांधायचं न्हाई. मंग दिसणार न्हाई अशा जागी बांधली. तो दांडा फिरतो हे मला काय ठाव? सगळ्यात जाड तोच दिसला."

"पण माय," सोमेश्वर हसत म्हणाला, "माझ्या ट्रॅक्टरला तर तू कधी काही बांधलं न्हाईस."

"तुझ्याकडं बघतंय कोण?" माय एकदम कडाडली. "ट्रॅक्टर सगळेच चालवतेत. हिला बघायला दसऱ्याच्या दिवशी अख्खं गाव आलं. बाया नुसत्या बघत व्हत्या. बघत व्हत्या की डोळ्यांनी खाऊन राहिल्या व्हत्या? माझ्या सुनंला नजर लागली असती तर?"

मी मायकडं बघत राहिलो. जी बाई पूजेच्या दिवशी तोंड वाकडं करून आत गेली, मी पैलेच सांगत होते म्हणाली, ती पहाटे उठून, पदर सावरत, चिखलात गाडीखाली सरपटली होती. मला तिचा अभिमान वाटला आणि रडू पण आलं, आणि दोन्ही एकदम आलं की माझं तोंड कसं होतं ते मला माहीत आहे, म्हणून मी पंप बघायला वळलो.

दादांनी चावी उचलली. "दोष सापडला. आता?"

"आता थरथर गेली," सोमेश्वर म्हणाला, "म्हणजे आता कोणीबी चालवली तरी..."

त्याला वाक्य पुरं करता आलं नाही. माय ओसरीवरून खाली उतरली. "पत्र्या मी तुझ्यासाठी न्हवत्या बांधल्या." तिनं दादांच्या हातातून चावी घेतली आणि चिखलानं भरलेल्या मंजुषाच्या हातात दिली. मग तिच्या लक्षात आलं, गाठोडं तर सुटलंय. तिचा चेहरा उतरला. "आता गाडी उघडी पडली की ग. नजर लागंल."

मंजुषानं चिखलाच्या हातानं डोळे पुसले, त्यामुळं डोळ्यांभोवती पण चिखल झाला. "मामी, तुमीच बसा गाडीत. तुमच्यापुढं कोणाची नजर टिकती?"

दादा मोठ्यानं हसले. दादांना असं हसताना मी फार कमी पाहिलं आहे. माय रागावली असं तिनं दाखवलं, घरात गेली, आणि बाहेर आली ती चांगलं लुगडं नेसूनच.

मंजुषा हातपाय धुऊन बसली, माय खिडकीकडं, मी दोघींच्या मधी. पारावरून गाडी गेली तेव्हा माय तिथल्या एकेकाकडं अशी बघत होती की लोकांनी माना खाली घातल्या. पट्टा आला. काटा पन्नासवर गेला. मायनं डॅशबोर्ड धरला. पंचावन्न. मी श्वास धरला, कारण अजून खरं काय ते ठरलं नव्हतं, दुसराच काही दोष असला तर सगळं पाण्यात होतं. साठ. पासष्ट. मी चप्पल काढून पाय खाली टेकवला. तळपायाला काही म्हणजे काही लागलं नाही. सत्तर. गाडी दसऱ्याच्या दिवशी चालली होती तशी चालली होती.

"किती झाले?" मायनं विचारलं.

"सत्तर, मामी."

मायनं डॅशबोर्डवरचा हात काढून मांडीवर ठेवला. दुसऱ्या मिनिटाला खिडकीबाहेर कोपर काढलं.

सेनगावच्या स्टँडसमोर चहा प्यायला थांबलो. तिथं मायच्या माहेरच्या दोघीतिघी बाया एसटीची वाट बघत उभ्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "शकुबाई, पोरानं गाडी घेतली म्हणं?"

"पोरानं न्हाई ग, सुनंनं," माय गाडीतूनच म्हणाली, आख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशी. "बिघाड बी तिनंच शोधला. सत्तरनं आणलं मला, धरून बसावं बी लागलं न्हाई. एसटी काहून बघून राहिल्या? या, बसा. माझी सून सोडंल तुमाला."

मंजुषा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होती. तिचे हात थरथरत होते. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.